नवा घोडा जुन्या दावणीला

(शताब्दी सप्ताहात केलेलं भाषण)



आम्ही उभे राहिलो की मंडळी टाळ सावरून बसतात, आता अभंग निघणार म्हणून. आज अभंग नाही. शताब्दीच्या समितीनं आम्हाला विषय नेमून दिला तो घोड्याचा. इतकी वर्षं कीर्तनाला उभे राहिलो, पण घोड्यावर बोला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. तेव्हा पुढं-मागं झालं तर सांभाळून घ्या.

समितीच्या पोरांनी या पुस्तकासाठी दिंडीच्या घोड्यांची यादी केली आहे. कोणता घोडा कुठून आणला, किती वर्षं चालला, कशानं गेला. यादी चांगली झाली. त्यात एक ओळ अशी आहे की, मल्हार नावाचा घोडा माळेगावच्या बाजारातून आणला आणि प्रस्थानाच्या आदल्या दिवशी पाय घसरून पडला व गेला. ती ओळ आम्हीच सांगितलेली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावाला जे सांगितलं तेच आता छापायला निघालं. ते खरं नाही. मल्हारचा पाय घसरला नव्हता. तो कसा गेला ते आधी सांगतो, मग सेवेचं बोलू. ते न सांगता सेवेवर बोलायचा आम्हाला हक्क नाही.

घोडा दिंडीत कशाला असतो हे जुन्या मंडळींना सांगायला नको, पण नवी पोरं बसली आहेत म्हणून दोन शब्द. माऊलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. ते कर्नाटकातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या घरून येतात, आळंदीपर्यंत पायी चालत. एकावर स्वार असतो, त्याच्या हातात जरीपटका. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तो माऊलींचा. रिंगणात स्वाराचा घोडा पुढं पळतो आणि माऊलींचा मागून येऊन त्याला गाठतो. टापांखालची माती कपाळाला लावायला माणूस माणसावर पडतो. २०१८ साली त्या सोहळ्यातला हिरा अश्व पुण्यात गेला. आपली दिंडी नाथमहाराजांच्या पालखीमागं चालते. ज्येष्ठ वद्यात पैठण सुटलं की पुढं मिडसांगवीला रिंगण, पारगाव घुमऱ्याला रिंगण. तिथं आपले घोडे पळत नाहीत, तो मान ज्यांचा त्यांचा. आपले घोडे आपल्या दिंडीपुढं पताका घेऊन चालतात. वारीहून परतलं, काला झाला, की गावच्या माळावर आपलं लहानसं रिंगण होतं, त्यात ते सुटतात. एक स्वाराचा, एक मोकळा.

आता यात मेख अशी आहे की ते दोन घोडे एकमेकांच्या ओळखीचे लागतात. घोडी पळता पळता मागच्यावर दुगाण्या झाडते. मागचा चुकला तर ती लाथ कडेला बसलेल्या लेकराच्या तोंडावर. म्हणून पळायचे घोडे एका दावणीचे, एका हौदावर पाणी पिणारे असावे लागतात. आमच्या आज्यापासून आमच्या मळ्यात घोड्या आहेत त्या एवढ्यासाठी. दिंडीचा घोडा म्हणजे आमच्या मळ्यातला घोडा. बहात्तरच्या दुष्काळात वडिलांनी एक घोडी ठेवली, बाकी विकली. तिच्यापासून पुन्हा वाढवल्या.

तर मल्हार. तो खच्ची केलेला घोडा होता. जुने पागेवाले आखता म्हणत. वरातीत चालून चालून पक्का झालेला, ब्यांड वाजो की फटाके उडो, कान हलवायचा नाही. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत पाहिला, आवडला, सौदा ठरला. पण पैसे कापूस विकल्यावर द्यायचे होते, म्हणून तो धन्याकडंच राहिला. मग शेवटचे पैसे जुळायला ज्येष्ठ उजाडला. टेम्पोतून आणला तेव्हा प्रस्थानाला दोन दिवस उरले होते.

मळ्यात तेव्हा तीन घोड्या. थोरली, तिची लेक गंगी आणि तांबडी. आम्ही विचार केला, हा गरीब घोडा, खच्ची आहे, त्याला घोडीचं काही नाही. फटाक्याला भीत नाही तो घोडीला काय भिणार? आदल्या दिवशी सांजेला सोडला तिघींत. जागा कशी, तर एका अंगाला मोसंबीच्या बागेचं काटेरी तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला विहिरीचा कठडा, आणि दोन्ही मिळतात तिथं कोपरा. मल्हारच्या मोरकीला चार हात दोर तसाच लोंबत ठेवला, पुन्हा धरायला सोपा जावा म्हणून. आणि चंदी टाकली एका गव्हाणीत. गड्याला सांगितलं, लक्ष ठेव. आणि आम्ही कीर्तनाला देवळात आलो.

जे करू नये ते सगळं आम्ही त्या एका सांजेला केलं.

कीर्तन भूतदयेवर होतं. हे लपवायचं नाही. नाथमहाराजांनी काशीहून रामेश्वराला निघालेली कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती कथा आम्ही लावली होती. लोकांचे डोळे भरले होते. तेवढ्यात गड्याचा पोरगा देवळाच्या दारात आला आणि हातानं खुणा करायला लागला. आम्ही त्याला बघितलं. हातानंच खाली बस म्हणालो. रंगात आलेलं कीर्तन मोडवेना. पाऊण तास अजून बोललो. आरती झाली, बुक्का लावला, पाया पडून घेतलं, मग मळ्यात गेलो.

मल्हार तारेत उभा होता. गव्हाणीकडं तोंड घालायला गेला असेल, गंगीनं कान मागं टाकून पाठ फिरवली असेल. तिघींनी मिळून त्याला कोपऱ्यात घेतलं. पळायला जागा नाही, पायात दोर अडकलेला. त्यानं तारेवरून उडी घेतली ती अर्ध्यात राहिली. मागचा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. खिंकाळत नव्हता, नुसता थरथरत होता. डॉक्टर रात्री आले. घोड्याचं ते हाड जुळत नाही, उभं राहिल्याशिवाय घोडा जगत नाही, असं म्हणाले आणि सुई दिली. पाऊण तास आधी बोलावलं असतं तरी पाय जुळला नसताच. पण तेवढा पाऊण तास तो तारेत उभा राहिला नसता.

सकाळी प्रस्थान. लोकांनी विचारलं, नवा घोडा कुठं? पाय घसरला, गेला, असं म्हणालो. दिंडी निघताना अपशकुन नको ही एक सबब. दुसरी खरी गोष्ट अशी की भूतदयेचं कीर्तन करणाऱ्याचं नाव जाईल ही भीती. दिंडी त्या वर्षी एका घोडीवर गेली. तेव्हा पोरांनो, ती ओळ खोडा. तिच्या जागी लिहा की धन्याच्या घाईनं गेला.

त्यानंतर तेरा-चौदा वर्षं आम्ही बाहेरचा घोडा दावणीला आणलाच नाही. थोरलीला एक शिंगरू झालं, नर, तो बाजी. तो इथंच जन्मला, इथंच खच्ची केला, त्याला कुणी परकं म्हणालं नाही. तो आणि गंगी अशी जोडी रिंगणात पळाली. थोरली गेली. गंगी दावणीची मालकीण झाली. तिला चांदणी झाली. असं चालत राहिलं.

पण मल्हार गेला त्याच वर्षी माघात एक गोष्ट घडली, ती सांगायलाच पाहिजे. आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायला आले. खतासाठी आपण बसवतोच. त्यांच्याकडं सात-आठ तट्टं, बिऱ्हाड वाहणारी. भीमथडी म्हणतात ती. भीमेच्या काठची बुटकी, चिवट जात. मराठ्यांच्या फौजा यांच्याच पाठीवर दूरदूर गेल्या, आणि आता सरकारी नोंदीतही तिला वेगळी जात म्हणून नाव मिळालं आहे. त्या वाड्यात एक नवं तट्टू होतं, वाटेत अदलाबदल करून घेतलेलं. आम्ही बघत होतो. म्हातारा धनगर त्याला बाकीच्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर बांधायचा. वाऱ्याच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. तिसऱ्या दिवशी अजून जवळ. चालताना सगळ्यात मागं, पण एका शांत म्हाताऱ्या घोडीच्या जोडीनं. सहा-सात दिवसांनी पायबंद घालून मोकळं सोडलं. एकदा किंचाळणं झालं, एकदा लाथ हवेत गेली, आणि मग सगळी मिळून चरायला लागली.

आम्ही म्हणालो, "बुवा, हे कुठं शिकलात?"

म्हातारा म्हणाला, "शिकायचं काय त्यात म्हाराज. घोड्याला घोडा आधी दाखवायचा, मग भेटवायचा. तुमी नवी सून आणली की पयल्याच दिशी चुलीपुढं बसवून किल्ल्या देता का?"

त्याला मल्हारचं काही माहीत नव्हतं. आम्हाला मात्र तोंड वर करवेना. पुढं तीन रात्री त्याच्या शेकोटीजवळ बसलो आणि एकेक विचारून घेतलं. आता सांगतो त्यातलं अर्धं त्याचं आहे, अर्धं डॉक्टरांचं, आणि थोडं गंगीनं शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी बाजीच्या गुडघ्यांनी मान टाकली. पताका घेऊन चालेल, पण रिंगणात पळणार नाही. समिती म्हणाली, शताब्दी तोंडावर आली, आता घोडा आणावाच लागतो. आमचा पाय निघेना. शेवटी थोरला मुलगा म्हणाला, "तुम्ही नका येऊ, मी आणतो." मग आम्हीच गेलो. सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्तजयंतीच्या बाजारात. तिथं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं काही राहिलं नाही, लाखांचे घोडे, मोबाईलवर शूटिंग. त्यातून एक साधा, पाच वर्षांचा, तांबूस रंगाचा घोडा मिळाला. खच्ची. विकणारा म्हणाला दोन महिन्यांपूर्वीच केला.

गावात आणला तर पहिलं भांडण माणसांत. दिंडीतली जुनी मंडळी म्हणाली, खच्ची घोडा देवाच्या कामाला कसा? व्यंगाचं जनावर. बाजीही खच्चीच होता, पण तो घरचा म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हतं. आम्ही एवढंच विचारलं की दिंडीचं सामान ज्या गाडीत जायचं तिला जुंपत होतो तो बैल कोण होता? लोक हसले. एक-दोन हसले नाहीत. आणि खरं कारण वेगळं आहे. कोरा घोडा, म्हणजे खच्ची न केलेला, घोड्यांबरोबर गर्दीत न्यायचा म्हणजे हातात निखारा घेऊन चालायचं. घोडी माजावर आली की तो कुणाचं ऐकत नाही, ना लगामाचं ना हरिनामाचं.

पण खच्ची केला म्हणजे लगेच गाय झाला असं नाही. नुकत्याच खच्ची केलेल्या घोड्याचं रक्त थंड व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो, काहींना त्याहून जास्त. तोवर घोडीजवळ ठेवू नये. सुरुवातीच्या दिवसांत गर्भही राहू शकतो असं डॉक्टर म्हणाले. विकणाऱ्याच्या दोन महिन्यांवर आम्ही भरवसा ठेवला नाही. आपलेच दोन महिने धरले.

पहिले एकवीस दिवस मोती, त्याचं नाव मोती ठेवलं, दावणीजवळ आणलाच नाही. वस्तीच्या पल्याडच्या छपरात. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, त्याला हात लावला की हात धुवून मगच घोड्यांकडं. बाजारात शंभर ठिकाणचे घोडे नाकाला नाक लावतात. नाकातून घाण शेंबूड, जबड्याखाली गाठी, असा रोग आठ-पंधरा दिवसांनी उघड होतो. ग्लँडर्सचं तर बोलायलाच नको, तो माणसालाही लागतो, आणि ज्याला झाला तो घोडा सरकारी नियमानं मारून पुरावा लागतो. बाजारात दाखला होता, तरी सरकारी दवाखान्यातून रक्त पुन्हा तपासून घेतलं. याच दिवसांत चारा बदलला, पण एकदम नाही. विकणाऱ्याकडून दोन पोती त्याचाच चारा आणला होता, त्यात रोज थोडा आपला कडबा वाढवत गेलो. घोड्याला उलटी होत नाही. पोट बिघडलं तर दुखणं आतच फिरतं, आणि पोटशुळानं चांगला घोडा एका रात्रीत जातो.

पौषात त्याला कुंपणापलीकडं आणला. कुंपण म्हणजे तार नव्हे. तार आम्ही मल्हारच्या दुसऱ्याच महिन्यात काढली. बांबूच्या आडव्या बल्ल्या, आणि दोन बल्ल्यांत घोड्याचा पाय अडकणार नाही एवढं अंतर. गंगी पहिल्या दिवशी आली, नाकाला नाक लावलं, एक किंचाळी फोडली आणि पुढचा पाय आपटला. आमच्या छातीत धस्स झालं. पण ते रामराम करण्याची त्यांची रीत आहे. किंचाळतात, पाय आपटतात, पाठ फिरवतात, पुन्हा येतात. त्यांना तेव्हा ओढू नये, ओरडू नये. पंधरा दिवस असं चाललं. शेवटी शेवटी चांदणी कुंपणाच्या याच अंगाला उभी राहून डुलकी घ्यायला लागली. परक्याच्या शेजारी घोडी डोळे मिटत नाही. ते बघितलं तेव्हा म्हणालो, आता दार उघडायला हरकत नाही.

जागेचा प्रश्न होता. आपल्या भागातली पुष्कळ रानं औद्योगिक वसाहतीत गेली, आमचंही काही त्यात गेलं. उरलेल्या तुकड्यात घोडे पळवायला जागा नाही. आणि अडचणीची जागा हेच मल्हारचं मरण होतं. मग एका भावकीचं रान मागितलं, पऱ्हाटी उपटून मोकळं पडलेलं, विहीर नाही, नाला नाही. चारी कोपऱ्यांत कडब्याच्या पेंढ्या तिरप्या लावून कोपरे गोल केले. कुणी कोपऱ्यात कोंडलं जाऊ नये. लोक म्हणाले, महाराजांना वेड लागलं. नालबंदाला बोलावून सगळ्यांचे मागचे नाल काढले. नुसत्या खुराची लाथ सुजवते, नालाची लाथ हाड फोडते. मोरक्या अंगावर ठेवल्या, दोर एकही नाही. आणि घोडे होते पाच, पण चाऱ्याचे ढीग घातले सात, एकमेकांपासून लांब लांब. एकाला हाकललं तरी त्याला दुसरा ढीग मिळावा.

सगळ्यांत एकदम सोडायचा नाही. पहिल्यांदा मोती आणि बाजी दोघंच. बाजी म्हातारा, भांडणाचा कंटाळा आलेला. दोघं दोन दिवसांत एका ढिगावर आले. मग चांदणी. मग तांबडी. गंगी सगळ्यात शेवटी, आणि ती आली तेव्हा चौघं आपसांत ओळखीचे झाले होते.

इथं आमचा अंदाज चुकला. आम्हाला भीती गंगीची होती. पण घोळ घातला मोतीनं. चांदणी सोडल्यावर चौथ्या दिवशी त्यानं तिला बाजीपासून तोडलं. मान खाली घालून, सापासारखी जमिनीलगत फिरवून तिला हाकायचा, आणि बाजी जवळ आला की दात काढून धावायचा. कोऱ्या घोड्याची सवय, रक्त थंड झालं तरी अंगात उरलेली. बाजीच्या मानेवर दोन चावे. बिचारा रानाच्या टोकाला एकटा उभा राहायला लागला. दहा वर्षं रिंगणात पळालेला घोडा, स्वतःच्याच दावणीत पाहुणा झाला. मुलगा म्हणाला, होईल दोन दिवसांत ठीक. आम्ही नाही म्हणालो. मोतीला पुन्हा कुंपणापल्याड नेला, आठ दिवस. नव्याला जागा द्यायची, पण जुन्याच्या तोंडचा घास काढून नाही.

आठ दिवसांनी क्रम बदलला. आधी गंगी आणि बाजी असलेल्या ठिकाणी मोती, चांदणी बाजूला बांधलेली. आणि गंगीनं दोन दिवसांत जे केलं ते आम्हाला दोन महिन्यांत जमलं नसतं. मोती बाजीवर धावला की ती मधी येऊन उभी राहायची. कान मागं, पाठ त्याच्याकडं, एक पाय उचललेला. लाथ मारली ती एकदाच, मांडीवर, नाल नसल्यानं नुसती सूज आली. घोड्यांत पुढारी बहुतेक म्हातारी घोडीच असते. पाण्याला आधी कोण, सावलीत कोण, ती ठरवते. लोकांना वाटतं घोडा राजा असतो. घरातही असंच वाटतं लोकांना.

एक गोष्ट मात्र तिच्यावर सोडता आली नाही. ती मोतीला हौदावर येऊ देईना. चावे-लाथा दोन दिवस चालतील, पण पाणी अडलं तर थांबायचं नाही. दुसरं कटलं आणून लांब ठेवलं, प्रश्न मिटला. बघायचं ते एवढंच. अंगावर केस उडाले, कातडं खरचटलं, घाबरू नका. पण एकच घोडा सारखा पळतोय, घामानं भिजलाय, चारा-पाण्याला पोचत नाही, कुणी त्याचा पाठलाग सोडत नाही, तर लगेच वेगळा काढा आणि मागच्या पायरीवर या. यात कमीपणा नाही. पहिले दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही रानातच होतो. त्या दोन दिवसांत एका गावचं कीर्तनाचं आमंत्रण होतं, ते आम्ही घेतलं नाही.

कुणी विचारेल, जनावरासाठी कीर्तन सोडलं? तर जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत प्रतिज्ञा पुरी करायची घाई असताना, भर रणात भगवंतानं रथाचे घोडे सोडले. अर्जुनानं बाण मारून पाणी काढलं आणि कृष्णानं स्वतःच्या हातानं घोड्यांच्या अंगातले बाण उपसले, अंग चोळलं, पाणी पाजलं. तेवढा वेळ लढाई थांबली नव्हती. ही कथा आम्ही शंभर वेळा सांगितली असेल. मल्हारच्या रात्री ती आठवली नाही.

हे सगळं थंडीत उरकलं ते मुद्दाम. थंडीत घोड्या माजावर कमी येतात. ऊन वाढलं की येतात, आणि मग नव्या घोड्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ज्येष्ठात वारी आहे तर मार्गशीर्षात घोडा आणावा, असा हिशेब ठेवा.

माघ सरता सरता एक दिवस सकाळी गेलो तर मोती आणि बाजी तोंडं उलट्या बाजूला करून उभे, आणि एकमेकांच्या आयाळीखाली खांद्याशी दातांनी खाजवतायत. हे घोड्याचं सगळ्यात मोठं लेणं. ज्याला खाजवू देतो तो आपला. आम्ही बांधावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. फाल्गुन वद्यात षष्ठीला पाचही घोडे पैठणला चालत नेले. मोती बाजीच्या शेपटीला लागून चालला. वाळवंटात एवढी गर्दी, टाळ, ढोल, तो दचकला की बाजीकडं बघायचा. बाजी हलला नाही की हाही थांबायचा. ज्येष्ठात तो वारीला आला. काल्याच्या रिंगणात गंगी पुढं, स्वार घेऊन, आणि मोती मोकळा मागं. आम्ही रिंगणाच्या कडेला उभे होतो, पहिल्या फेरीला डोळे मिटले होते हे खरं. दुसऱ्या फेरीला उघडले. दुगाणी नाही, काही नाही. त्यानं तिला गाठलं आणि बरोबरीनं पळाला.

यंदा गंगी वीस वर्षांची झाली. तिला आता पळवणार नाही. चांदणी स्वार घेईल.

उद्या सकाळी काकड्यानंतर घोडे माळावर आणणार आहोत. यायचं त्यांनी या, लेकरांना घेऊन या. रिंगणाच्या दोरीच्या आत कुणी येऊ नका, मागून जाऊन हात लावू नका. आणि गूळ आणायचा तर आमच्याकडं द्या. एकाच्या तोंडाशी गूळ धरला की बाकीचे चार बघत असतात.

रामकृष्ण हरी.